काळ्या मोटारीखालचं पाणी

"अरे, इकडं या! मोटारीखाली ओल हाय!" प्रज्ञा ओरडली.

सिद्धेश्वर आणि व्यंकटी फटफटीवरून उड्या मारून धावले. लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढचाच उन्हाळा. पावसानं दगा दिलेला, गल्लीतला नळ कोरडा. सुट्टीत तिघं रोज शेषेरावकाकांच्या शेडमध्ये यायची. काका जुने मेकॅनिक. निजामाच्या काळातल्या मोटारी, फटफट्या जमवून त्यांनी संग्रहालय मांडलं होतं.

"रेडिएटर गळत असंल," काका म्हणाले.

सिद्धेश्वरनं झाकण उघडलं. "काका, हा तर कोरडा ठणठणीत!"

"मग तेल असंल. उद्या मोठे साहेब मोटारी बघायला येणार हायत. पळा आता!"

प्रज्ञानं रुमाल ओलीवर दाबून पिळला. गढूळ, पण पाणीच! तिची आई, सुमनबाई, दोन घागरींसाठी रोज दोन कोस चालायची.

तिघं धावत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. कारकुनानं फायलींच्या गठ्ठ्यातून मानही वर केली नाही. "पाइपांचा नकाशा जुन्या जिल्ह्यातून यायचाय. आला की बघू."

"तवर सगळं पाणी जाईल की!"

"जा, खेळा जा!"

तिघं परत आली. ओल चाकापर्यंत पसरली होती. त्यांनी मोटार ढकलून पाहिली. तसूभरही हलेना! व्यंकटीला रडूच फुटलं. "आपलं कुणीच ऐकत न्हाई."

"रडू नको," प्रज्ञा म्हणाली. "साहेब यायच्या आधी गल्लीतल्या घागरी आणू!"

सकाळी साहेबांची जीप आली, तेव्हा फाटकापासून काळ्या मोटारीपर्यंत घागरींची रांग लागली होती! मागे सुमनबाई आणि अख्खी गल्ली. काकांनी कपाळाला हात लावला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याची रांग, साहेब!" प्रज्ञा म्हणाली.

"अन् नळ कुठंय?"

"मोटारीखाली!" तिघं एकदम ओरडली.

साहेब वाकले. ओल्या मातीला बोट लावलं. "मोटार हलवा!"

दहा जणांनी ती ढकलली. वीतभर खणताच पाइप लागला. फुटलेला! संक्रांतीला मोटार तिथं आणून उभी केली होती, तिच्याच वजनानं तो फुटला होता.

"साहेब, नकाशा..." साहेबांसोबत आलेला कचेरीतला कारकून पुटपुटला.

"नकाशा राहू द्या. माणसं बोलवा!"

संध्याकाळी गल्लीतला नळ फुरफुरला. आधी तांबडं, मग निवळ पाणी आलं. साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. काका खाली मान घालून म्हणाले, "लई हुशार पोरं तुम्ही. मीच ऐकलं न्हाई."

प्रज्ञा भरलेल्या घागरीकडं बघत होती.

"काका, संक्रांतीपासूनचं पाणी कुठं गेलं असंल?"

काकांनी घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.