सूर सरकले, गाणं नाही

“एकही सूर जागेवर नाही. बाद!”

चंद्रावरच्या वसाहतीतल्या शाळेचा परीक्षक यंत्रमानव श्रुतिधर थंडपणे म्हणाला. तेरा वर्षांच्या कैवल्यची कानशिलं तापली. पृथ्वीवर ऐकवायच्या समूहगीतासाठी निवड चालली होती आणि गाणं तर त्याला तोंडपाठ होतं.

“मी चुकलो नाही! माझा आवाज फुटलाय, म्हणून पट्टी (‘सा’ची उंची) खाली घेतली.”

“म्हणजे सुरांचे स्थानांतर (जागा बदलणे) झाले. ती चूकच. ‘कमल’मधल्या दोन अक्षरांनी जागा बदलली, की ‘कलम’ होते.”

कैवल्य तडक प्रयोगशाळेत गेला आणि मेधाआत्याला हाताला धरून घेऊन आला. आत्या मक्याच्या बियाण्यांवर संशोधन करायची. सगळं ऐकून तीही भडकली.

“श्रुतिधर, ‘स्थानांतर’ या शब्दाचा एवढा एकच अर्थ शिकवलाय होय तुला? माझ्या मक्यात जनुकाचा (गुणधर्म ठरवणाऱ्या घटकाचा) तुकडा उडी मारून दुसरीकडे जाऊन बसतो, की दाण्यावर रंगीत ठिपके उमटतात. तेही स्थानांतरच. मग काय, मक्यालाही बाद करणार?”

“आणि गणितात?” कैवल्य ओरडलाच. “क्ष + ३ = ८. तीनला पलीकडे नेलं, की क्ष = ८ − ३. चिन्ह बदलतं, पण समीकरण बरोबरच राहतं. त्याला तर तू पैकीच्या पैकी गुण देतोस!”

“काय हललं एवढंच बघू नकोस,” आत्या म्हणाली. “काय टिकलं तेही बघ. याच्या ‘सा’पासून याचा ‘ग’ किती दूर आहे, मोज.”

श्रुतिधरने मोजलं. मग बाकीचे स्वरही मोजले.

“मूळ गाण्याइतकेच. सगळे स्वर सारखेच खाली आले आहेत. गाणे तेच आहे. कैवल्य, तुझी निवड झाली.”

“फक्त माझी?” कैवल्यचा राग अजून उतरला नव्हता. “गेल्या वर्षी जुईलाही असंच बाद केलंस. तिचा आवाज मुळातच जाड आहे. तेव्हापासून ती गुणगुणतसुद्धा नाही. आधी तिला बोलव!”

जुईला बोलावणं गेलं. ती आली, पण दारातच थबकली. “याच्यासमोर नाही गाणार मी.”

“मी चुकीचे मोजले होते,” श्रुतिधर म्हणाला. “तू तुझा ‘सा’ लाव. मी तिथून मोजेन.”

जुई आत आली. मग तिने डोळे मिटले आणि खोल, भरदार ‘सा’ लावला.