चार बोटांवरची गळती

मिस्त्री आला तेव्हा मास्तर खिडकीतल्या खुर्चीत अर्धवट झोपेत होते. दुपारी तीननंतर दरीतून धुकं वर यायचं, समोरची घरं एकेक करून त्यात विरून जायची, आणि मास्तरांचे डोळे आपोआप मिटायचे. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला एवढी मुभा असावी, असं त्यांचं मत होतं. थोरल्या बहिणीचं मत वेगळं होतं. ती ते बोलून दाखवत नसे, नुसता चहाचा कप जरा जोरात ठेवायची.

या बहिणीला सगळं गाव ताई म्हणे. आगीत जळालेल्या गोदामांची चौकशी करण्यात तिची उभी नोकरी सरली होती. आता निवृत्त झाली तरी ज्याचं काही अडलं तो तिच्याच दारात यायचा, आणि मास्तर तिच्यामागून छत्री घेऊन हिंडायचे.

मिस्त्री दारातच उभा राहिला. कपडे तेलकट, म्हणून बसेना. ताईनं खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं तेव्हा कुठे टेकला.

त्याचं गाऱ्हाणं असं होतं. मोजणीवाले काका म्हणून एक जण गावाच्या वरच्या टोकाला राहायचे. जन्मभर त्यांनी डोंगर मोजले, आणि ते ज्या जुन्या जीपमधून मोजले ती जीप अजून त्यांच्याकडे होती. गेल्या दीड महिन्यात तिची पेट्रोलची टाकी तीनदा गळली. तिन्ही वेळा मिस्त्रीनं ती उतरवली, धुतली, वाफ दिली, भोक झाळून बंद केलं आणि पाण्यात बुडवून हवा भरून पाहिली. बुडबुडा म्हणून आला नाही. तरी परवा चौथ्यांदा गळली.

"पेट्रोल गळणं म्हणजे खेळ नाही, ताई," तो म्हणाला. "बचाव पथकाच्या चारही गाड्या माझ्याकडे असतात. त्यांच्या प्रमुखाच्या कानावर गेलंय की माझी झाळ टिकत नाही. सोमवारपासून गाड्या दुसरीकडे नेतो म्हणाला. त्या गेल्या की बाकीचे कशाला येतील? बापाच्या हातचं काम आहे हे. त्याच्या नावाला बट्टा लागला तर मी गॅरेजला कुलूपच लावतो."

एवढं बोलून तो हाताच्या काळ्या रेघांकडे बघत बसला. मास्तरांना त्याची फार दया आली. ताईनं चप्पल घातली.

गॅरेज उतारावर होतं. आत धुकं शिरलेलं, त्यात एकच बल्ब पिवळा दिसत होता. टाकी बाकावर आडवी ठेवलेली. जीपच्या मागच्या चाकाजवळ, आडवं झोपून हात घातला की लागेल अशा जागी ती बसते, असं मिस्त्रीनं सांगितलं. तिच्या बाहेरच्या अंगावर तीन चकचकीत ठिगळं होती आणि चौथं भोक उघडं होतं. चारही वरच्या बाजूला, एका रांगेत.

"तुझं एकही ठिगळ सुटलेलं नाही," ताई म्हणाली.

"तेच तर. दर वेळी नवीन भोक. लोक म्हणतात, आच जास्त लावली म्हणून शेजारचा पत्रा गेला."

ताईनं भिंगातून भोक पाहिलं आणि भिंग मास्तरांकडे दिलं. भोक स्वच्छ गोल होतं, कडा आत वळलेल्या. मास्तर 'अस्सं' म्हणाले. त्यांना काहीएक कळलं नव्हतं. मग तिनं दोन भोकांच्या मध्ये आपली चार बोटं आडवी टेकवली. बोटं पुरली नाहीत, करंगळीभर जागा उरली. दुसऱ्या जोडीतही तेवढीच उरली, तिसऱ्या जोडीतही. वरच्या कडेपासून भोकापर्यंतही तेवढंच अंतर.

"आणखी काही विचित्र?"

मिस्त्री जरा लाजला. "हसाल तुम्ही. टाकी इथे येते तेव्हा गळत नसते. काका म्हणतात गळते, मी बघतो तर कोरडी. मग पाण्यानं धुतो तर फेस येतो. मी काही घातलेलं नसताना. अन् त्या फेसाला गुलाबाचा वास येतो. पेट्रोलला गुलाबाचा वास! मला वाटलं, वासानं डोकंच फिरलं माझं."

मास्तरांना ही कल्पना फार आवडली. वर जाताना सगळा रस्ता ते गुलाबाचा वास येणाऱ्या गाड्यांचा विचार करत चालले, आणि एका खांबावर आपटता आपटता वाचले.

काकांच्या फाटकाचे दोन्ही खांब धुक्यातही ठळक दिसत होते. त्यांच्यावर जाडजूड पांढरे पट्टे ओढलेले होते, रंग नवा. शेडच्या चौकटीलाही तसेच पट्टे. आत जीप उभी होती, हिरवा रंग विटलेला, दिवे मोठाले. दमून डुलकी काढणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखी वाटली ती मास्तरांना. तिच्या डाव्या मडगार्डवर ओरखडा होता आणि त्यात पांढरा रंग भरला होता.

काका बाहेर आले. उंच, खांद्यानं रुंद, सत्तरीचे. त्यांनी स्वागताला हात पुढे केला तो ताई आणि मास्तर यांच्या बरोबर मधोमध. मास्तरांनी बाजूला सरकून तो घेतला. पंजा केवढा! मास्तरांचा हात त्यात हरवून गेला.

"टाकीबद्दल आलात होय," काका म्हणाले. "जुनी झाली आता, गळणारच. मी मिस्त्रीला कधी दोष दिला नाही हां. लोक बोलतात." हे बोलताना त्यांचा आवाज उतरला. मग मनगटावर घड्याळ असताना त्यांनी आत हाक मारून काकूंना किती वाजले ते विचारलं.

ताईनं विचारलं, गळते हे प्रथम कोण बघतं? ते म्हणाले, मीच. वास येतो. ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. शनिवारी मोजणी खात्यातले जुने सोबती येणार होते. दर वर्षी काका त्यांना जीपमधून खिंडीपलीकडच्या तळ्यावर नेत. एकवीस वळणांचा रस्ता. यंदा टाकीचं हे असं, त्यामुळे रद्दच करावं लागेल बहुतेक. "वाईट वाटतं, पण करणार काय?" ते म्हणाले.

शेडच्या भिंतीवर त्यांची जुनी हत्यारं टांगली होती: मोजणीची साखळी, मेखा ठोकायची लाकडी मोगरी आणि साखळीच्या टोकाला जमिनीत रोवायच्या दहा टोकदार सळया. नऊ सळयांची टोकं गंजून तांबडी झाली होती, एकीचं लख्ख होतं. मास्तरांना वाटलं, काय हौस आहे माणसाला, हत्यारं घासून ठेवतो. जमिनीवर कुठे पेट्रोलचा डाग नव्हता. जीपच्या मागच्या चाकापाशी वाळू भरलेली मोठी परात मात्र होती.

काकांची लेक स्वयंपाकघरात भेटली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिथली शिस्त घरी घेऊन यायची. जीपचं नाव काढताच तिनं कपाळाला आठी घातली. ती गाडी दरीत ढकलून द्यावी, असं आपण बाबांना दहादा सांगितलंय, हे तिनं काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्या वासानं तिचं डोकं दुखायचं, शेडमध्ये ती पाऊल टाकत नसे. बोलताना ती टेबलावर बोटं वाजवत होती. बोटं बारीक, लहान मुलीसारखी.

मास्तरांनी ताईकडे अर्थपूर्ण नजर टाकली. ताईनं ती घेतली नाही.

काकूंचे हातही लहानच होते, पण कामानं घट्ट झालेले. जीपबद्दल त्या जीव लावून बोलल्या. लग्नानंतरची दहा वर्षं त्या छावणीतून छावणीत काकांबरोबर फिरल्या होत्या. स्वयंपाक, पंक्चर, नकाशे सुकवणं, सगळी कामं सगळ्यांनी करायची. एकदा काकांना ताप भरला तेव्हा खिंडीतून गाडी त्यांनीच खाली आणली होती.

"त्या शेडमध्ये जाऊन बसतात हल्ली," त्या हळूच म्हणाल्या. "स्टिअरिंगवर हात ठेवून तासन्‌तास. मला बघवत नाही हो. तळ्यावर जाऊन आले की वर्षभर टवटवीत असायचे."

ताईनं बेसिनवर हात धुतले आणि ओला हात मास्तरांच्या नाकाजवळ नेला. गुलाब. साबणाच्या वडीचा एक कोपरा नखांनी उकरलेला होता आणि तिथे तांबूस डाग होते.

घरी येताना मास्तर घाईघाईनं म्हणाले, "लेकच. तिला गाडी नकोच आहे."

"उद्या मिस्त्रीला टाकी घेऊन वर यायला सांग," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. धुकं दारापर्यंत आलेलं होतं. मिस्त्रीनं टाकी फळीवर ठेवली. लेक दाराबाहेर रुमाल नाकाला लावून उभी राहिली. काका जीपच्या पायरीवर बसले होते.

ताईनं आवाज न चढवता सुरुवात केली.

"पहिली गोष्ट, मिस्त्रीचं काम चोख आहे. गंज टाकी आतून खातो, कडा कुरतडल्यासारख्या होतात. ही भोकं गोल आहेत आणि कडा आत वळल्यात. म्हणजे बाहेरून टोचलीत. तीच गोष्ट आचेची. आचेनं पत्रा फाटेल, असा नेमका टोचला जाणार नाही."

मिस्त्रीनं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"दुसरी गोष्ट, इथे दोन माणसं आहेत. एक भोक पाडतं, दुसरं बुजवतं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. रानात टाकी गळली की वडी घासून भोक बंद करतात. म्हणून ती गॅरेजमध्ये कोरडी पोचायची आणि धुतली की फेस यायचा. ही युक्ती छावण्यांमध्ये राहिलेल्या माणसाला माहीत. काकू?"

काकूंनी मान खाली घातली. "मीच. मला वाटलं, शनिवारपर्यंत तरी टिकेल. यांना जाता येईल."

काकांनी झटकन मान वळवली, काकूंच्या आवाजाच्या दिशेनं.

"मग भोकं पाडली कोणी?" लेक बाहेरून म्हणाली. "माझ्यावर येणार का आता?"

"नाही. ज्याला गाडीचा राग आहे तो टाकी तळाला फोडेल. इथे भोकं वरच्या अंगाला आहेत, म्हणजे चार लोटे गळून थांबावं. खाली वाळूची परात आधीच ठेवलेली. ठोकायला लाकडी मोगरी, म्हणजे ठिणगी नको. नऊ गंजल्या सळयांमध्ये एकीचं टोक लख्ख. इतक्या काळजीनं नुकसान करणारा माणूस त्या गाडीवर जीव लावणाराच असतो." तिनं उघड्या भोकावर बोट ठेवलं. "आणि त्याच्याकडून एकच चूक झाली. त्याला मोजल्याशिवाय काही करताच येत नाही. कडेपासून चार बोटं, मग दर भोकाला चार बोटं. मुद्दाम नाही, हाताची सवय. माझी चार बोटं तिथे पुरत नाहीत. काकूंची नाहीत, लेकीची तर नाहीतच."

मास्तरांना तो भलामोठा पंजा आठवला. हे कळलंच नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"कोणी केलं ते मी सांगितलं," ताई म्हणाली. "का केलं ते मी बोलणार नाही. पण काका, तुमच्या गप्प बसण्यानं या माणसाच्या बापाचं नाव जातंय."

मग काका उठले. हात पुढे धरून फळीपाशी आले, टाकी चाचपली आणि दोन भोकांच्या मध्ये चार बोटं ठेवली. जागा तसूभरही उरली नाही.

"पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत मला," ते म्हणाले. "बोटांनी मोजावं लागतं. सहा महिने झाले. फाटकाचा खांब दिसत नाही, घड्याळ दिसत नाही. दोन महिन्यांपूर्वी मडगार्ड घासलं तेव्हा ठरवलं, त्या खिंडीत चार माणसं घेऊन जायचं नाही. पण दिसत नाही असं म्हणायला तोंड उघडेना. म्हटलं, गाडीच बिघडलेली बरी." त्यांनी मिस्त्रीच्या दिशेनं तोंड केलं. "लोक तुला नावं ठेवायला लागले तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भ्यालो. लाज वाटते मला."

मिस्त्री नुसता म्हणाला, "असू द्या, काका." त्याचे डोळे भरून आले होते.

"असू द्या कशाला?" काका म्हणाले. त्यांनी लेकीला बचाव पथकाच्या प्रमुखाला फोन लावायला सांगितला आणि सगळ्यांसमोर, एक शब्दही न गाळता, टाकी कोणी फोडली आणि का, ते सांगून टाकलं. फोन ठेवला तेव्हा लेक नाकावरचा रुमाल विसरून शेडच्या आत त्यांच्याजवळ उभी होती.

काकू मात्र चिडल्या होत्या. "सहा महिने! अहो, मला नाही सांगायचं, तर कोणाला?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं," काका म्हणाले.

शनिवारी मिस्त्रीनं झाळलेली टाकी बसवली, आणि खिंडीकडे जाणाऱ्या जीपमध्ये ताई आणि मास्तरही मागे दाटीवाटीनं बसले. तीन म्हातारे मोजणीदार शेजारी. खिंडीच्या तोंडाशी धुकं इतकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. एक मोजणीदार म्हणाला, परत फिरावं. मास्तरांची त्याला मनापासून संमती होती.

स्टिअरिंगवर काकू होत्या. त्यांनी वेग कमी केला आणि शेजारी बसलेल्या काकांकडे पाहिलं.

काकांनी डोळे मिटले होते. एक हात बाहेर काढून ते वारा चाचपत होते.

"सरळ घे," ते म्हणाले. "ओढ्याचा आवाज डावीकडे आला की दुसरा गिअर. मग उजवं वळण, लांबट. ते पहिलं. अजून वीस आहेत."

ओढ्याचा आवाज डावीकडे आला. काकूंनी गिअर बदलला.