सावकाश बोलणाऱ्या बाह्या

इचलकरंजीच्या एका वस्त्रप्रयोगशाळेत त्रिमिती छपाईयंत्राची तोटी तीन तास एका ताणून बसवलेल्या सुती जाळीवर फिरत होती. चिकट द्रवाची केसाएवढी बारीक धार ती सोडत होती आणि कापडावर थरावर थर चढून काजाच्या टाक्यांची उठावदार वेल तयार होत होती.

"ही नक्षी नुसती शोभेची नाही," पदार्थवैज्ञानिक डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. "कॉर्नफ्लोअर पाण्यात दाट कालवलं की बोट त्यात सावकाश बुडतं. बुक्की मारली, तर मात्र दगडासारखं लागतं. हा पदार्थ त्याच जातीचा. हात हळू हलला की जाळी मऊ, झटका बसला की कडक. आम्ही तिला वेगरोधी जाळी म्हणतो."

एकाहत्तर वर्षांचे खटावकर मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ऐकत होते. कोल्हापुरात चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. तीन वर्षांपूर्वी हातांना कंप सुटला आणि कात्री बंद झाली. त्यांच्याच दुकानात बेतणं शिकलेली कनक तोडकर आता नावाजलेली वेषरचनाकार होती. या जाळीच्या बाह्या करून मास्तरांचे हात सावरायची कल्पना तिची.

मास्तरांनी बाह्या चढवल्या. खांद्यापासून बोटांच्या मधल्या पेरांपर्यंत त्या चापून बसल्या. कनकने सुई पुढे केली. हात थरथरू पाहत होता, पण प्रत्येक झटक्याला वेल कडक होऊन त्याला धरत होती. मास्तरांनी दोरा सावकाश पुढे नेला. तो पहिल्याच खेपेला ओवला गेला. 

शेजारी त्यांची पत्नी कुमुदकाकू डोळे पुसत होत्या. काकू जन्मापासून बहिऱ्या. लग्नानंतर मास्तर त्यांच्याकडून हातांची भाषा शिकले. पुढे दुकानात दोघांची बोटं अशी धावायची, की सुई, चहा, जेवण असे पुष्कळ सुटे शब्द येत असूनही कनकला चार वर्षांत त्यांचं एक बोलणं धड उमगलं नव्हतं.

महिन्याने दोघं पुन्हा आली. पुण्याच्या वेषप्रदर्शनात कनक याच बाह्या पहिल्यांदा मांडणार होती. मास्तरांच्या बाह्या मात्र पिशवीत होत्या.

"बाह्या झकास आहेत गं. तीन ब्लाउज बेतले," मास्तर म्हणाले. "पण घरात बोलणं बंद पडलंय. बाह्या काढल्या तर कंपामुळे माझा शब्द हिला वाचता येत नाही. घातल्या तर हात इतका हळू चालतो, की ही चार वाक्यं पुढे गेलेली असते. मी आपला गप्प बसतो."

कनकने डॉ. मुजावरांकडे पाहिलं. "मॅडम, फक्त कंपच अडेल अशी जाळी नाही होणार?"

"मी मोजून पाहिलंय. त्यांचा हात सेकंदाला पाच वेळा कापतो. हातांनी भरभर बोलताना बोटंही जवळपास तितकीच धावतात. यातला वेग आजाराचा कुठला आणि मनाचा कुठला, हे कापडाला कसं कळणार?"

"मग मी या बाह्या प्रदर्शनात ठेवत नाही," कनक हळूच म्हणाली.

मास्तरांनी थरथरत्या हातांनी पत्नीला हे सांगायला घेतलं. काय चाललंय ते ओळखून काकूंनी ते हात धरून खाली ठेवले आणि त्या स्वतःच हातांनी बोलू लागल्या. ते वाचता वाचता मास्तरांचा चेहरा बदलला.

"ती म्हणते, मलाही तशाच बाह्या करून दे."

"त्यांचे हात तर चांगले आहेत," डॉ. मुजावर म्हणाल्या. "कशाला बांधून घ्यायचे?"

मास्तरांनी पिशवीतल्या बाह्या चढवून सावकाश विचारलं. उत्तर आलं, ते त्यांनी सांगितलं. "म्हणते, लग्न झालं तेव्हा ह्याला, म्हणजे मला, काहीच बोलता येत नव्हतं. दोन वर्षं ती माझ्यासाठी थांबत थांबत बोलली. तेव्हा तिचं काही बिघडलं नाही. रोज संध्याकाळी दोन तास घालीन म्हणते. रंग हिरवा पाहिजे."

हिरवं कापड मास्तरांनीच बेतलं. पंधरा दिवसांनी दोघं बाह्या घालून प्रयोगशाळेत समोरासमोर बसली. काकूंचे हात उठले, अडले, मग सावकाश वळले. मास्तरांचे हात तितक्याच सावकाश उत्तराला निघाले. आता कोणी मागे पडत नव्हतं.

वही उघडून नोंदी करायला बसलेली कनक मध्येच थांबली. तिला शब्द दिसत होते. एकामागून एक, सुटे, स्वच्छ.

पोरगी वाळलीय, काकू म्हणत होत्या.

काम फार करते, मास्तर म्हणाले.

दुकानात होती तेव्हाही डबा आणायची नाही. मी रोज म्हणायचे, जेवायला बोलव. तू म्हणायचास, नको, लाजेल.

आताही लाजेल.

चार वर्षं आपल्या डोक्यावरून काय जात होतं, ते कनकला आज कळलं. तिने वही मिटली, हात वर केले आणि चुकतमाकत जुळवलं: मी, आज, जेवायला, येते.

दोघांचे हात हवेतच थांबले. काकूंनी घाईने काही विचारायला बोटं उचलली. बाही कडक झाली. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा, अगदी सावकाश, विचारलं:

भाकरी की भात?