गार इंजिनाची ऊब

दिवा थोडा अलीकडे घे, म्हणजे बोलताना तुझा चेहरा दिसेल. घडले ते जसे घडले तसेच सांगतो. त्याला तिखटमीठ लावण्याचे माझे वय नाही आणि वृत्तीही नाही.

त्या दिवशी पूजा आटोपून मी गॅरेज उघडले, तर दाराशी मास्तरांची गाडी उभी. जुन्या मोटारींचे वायरिंग हा आम्हा दोघा भावांचा धंदा. दादा गेल्या वर्षी निवर्तले; तेव्हापासून मी एकटाच करतो.

मास्तरांची धाकटी मुलगी गाडीतून उतरली. "काका, हीटरचा पंखा फिरत नाही. उद्या आईला ताईकडे न्यायचंय, घाट ओलांडून. न्यूमोनियातून आत्ताच उठली आहे. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा छातीला गारठा लागला तर..."

"मग दुसरी गाडी का करत नाहीस?"

"ती बसेल तर ना!"

मागच्या सीटवरून मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, शालीतून डोके बाहेर काढले. "भाऊजी, तुम्ही बघा तुमचं काम. आणि पंखा सुधारला तरी फार आशा नको हं. ह्यांच्यासारखाच तो. आवाज फार, ऊब बेताची."

"आई, पुरे!" मुलगी म्हणाली, पण हसली.

मास्तर दोन हिवाळ्यांपूर्वी याच गाडीत गेले. रस्त्याकडेला गाडी उभी केली, काचा लावल्या, हीटर चालू ठेवून डोळे मिटले, ते मिटलेच. एक्झॉस्टचा धूर आत शिरला होता. नंतर दादांनी तो सगळा पाइप नवा घातला. मी त्या महिन्यात तीर्थाटनाला होतो. परत आल्यावर दादांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

दोघींना रिक्षाने घरी पाठवून मी कामाला लागलो. आधी पाइप तपासला, धड होता. मग फ्यूज पाहिला, तोही शाबूत. टेस्ट लॅम्प स्विचवर लावला, पेटला. पंख्याच्या मोटरच्या जोडावर लावला, तिथेही पेटला. वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि मोटर हलत नाही, याचा अर्थ परतीची वाट तुटलेली. डॅशबोर्डखाली आडवा होऊन टॉर्च लावला, तेव्हा परतीची ती अर्थिंगची तार दिसली. ती तुटली नव्हती, तोडलेली होती. दोन्ही टोकांना चिकटपट्टी, आणि पट्टीवर तांबडा दोरा, तीन गाठी.

आमच्या गॅरेजात त्या दोऱ्याचा अर्थ एकच होता: ही तार जाणूनबुजून तोडली आहे, मला विचारल्याशिवाय जोडू नये. गाठी दादांच्या होत्या. आता विचारावे कुणाला? डोळ्यांसमोर वहिनींची धाप आली. धुरापायी तोडली असेल, आणि पाइप तर आता नवा आहे, असे मनाला समजावले. दोरा कापला आणि तार जोडली.

पंखा पहिल्याच खटक्याला फिरला.

आता एक सांगायला हवे. वायरिंगवर काम करताना मनगटावर घड्याळ ठेवू नये. धातूचा पट्टा तारेला टेकला की भाजतो. म्हणून वेळ मी नामाने मोजतो. स्विच बंद केल्यावर पाती किती नामांत थांबतात, त्यावरून मोटरची तब्येत कळते. धडधाकट मोटर सहा-सात नामे घेते.

मी स्विच बंद केला आणि नाम सुरू केले. सात झाली, वीस झाली. पंखा त्याच संथ लयीत फिरत होता. स्विच चिकटला असेल म्हणून उठलो आणि बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली. परत येऊन बसलो. पन्नास. सत्तर. एकशे आठ झाली तरी पात्यांची गती तसूभरही उतरली नव्हती.

हात डॅशबोर्डवरच्या हवेच्या झरोक्यापुढे धरला. हवा ऊबदार होती.

हीटरला ऊब मिळते ती इंजिनाच्या तापल्या पाण्याची, आणि इंजिन तर सकाळी गाडी आल्यापासून कितीतरी तास बंदच होते. त्यावर हात ठेवून पाहिले, गार दगड. आणि त्या हवेत तपकिरीचा वास होता. तपकीर मास्तर ओढत.

"मास्तर..." मी हळूच म्हणालो. "वहिनींना आणखी काही दिवस राहू द्या..."

पंखा थांबला. पाती अशी एकाएकी थांबत नाहीत.

मी मोटर उपसून बाकावर काढली, झरोक्यावर आतून पत्रा ठोकला, आणि मुलीला सांगितले की मोटर जळली, जुनी आहे, मिळणार नाही. आयुष्यात जी थोडकी असत्ये बोललो, त्यांपैकी हे एक. गरम पाण्याच्या चार पिशव्या आणि घरातली दोन घोंगडी देऊन त्यांना दुसऱ्या दिवशी निरोप दिला.

दुपारी तिचा फोन आला. आवाजात आनंद होता. "काका, उगाच घाबरवलंत! घाट लागला आणि हीटर आपोआप सुरू झाला. आई इतकी गाढ झोपली आहे..."

मोटर माझ्यासमोर बाकावर होती.

"गाडी थांबव. काचा खाली कर आणि आईला उठव. आत्ता!"

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला, मग हाका आल्या. पुष्कळ हाका. तेवढ्या वेळात माझ्या मुखातले नामही थांबले होते. अखेर वहिनींचा चिडका स्वर ऐकू आला.

"उठवलंस कशाला गं? हे म्हणत होते, आता थोडंच राहिलंय."

वहिनी सुखरूप पोहोचल्या. छातीही बरी आहे म्हणतात. गाडी मोठ्या मुलीच्या अंगणात उभी आहे. विकून टाका, असे मी तीनदा कळवले. वहिनी किल्ली हातची सोडत नाहीत. रोज दुपारी जाऊन चालकाच्या शेजारच्या सीटवर बसतात, शाल काढून घडी करून मांडीवर ठेवतात, आणि अलीकडे काचाही आतून लावून घेतात.

काल थोरलीने सांगितले, बाहेर कडाक्याची थंडी आहे. आईच्या बाजूची काच कोरडी असते. श्वासाची वाफ धरते ती चालकाच्या रिकाम्या जागेकडच्या काचेवर.