घाटात धापा टाकणारी गाडी

काल पायथ्याशी मस्त पळणारी गाडी आज घाटात धापा का टाकतेय, हे शाल्मलीला कळेना. मागून काळा धूर निघत होता. वेधशाळा अजून बारा किलोमीटर वर होती, आणि तिथे मंगळाचा अभ्यास करणारी तिची आई होती. सात महिन्यांत ती फक्त पडद्यावर दिसली होती.

साल होतं २०६१. पुढच्या महिन्यापासून पेट्रोल मिळणं बंद होणार होतं. आईचं बालपण याच गाडीत गेलेलं. "बाबा, तिचा आवाज एकदा ऐकायचाय," एवढंच ती म्हणाली होती. म्हणून निवृत्त इंजिनशास्त्रज्ञ असलेले आजोबा नातीला घेऊन निघाले होते.

"पेट्रोल संपलं का?" शाल्मलीने विचारलं.

"उलट, जास्त होतंय." आजोबांनी बॉनेट उघडलं. "हा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा ग्रॅम हवा लागते. आता सांग, इथे तुला दम का लागतो?"

"हवा विरळ आहे म्हणून."

"गाडीचंही तेच. प्रत्येक घोटात तिला हवा कमी मिळते, पण पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही."

शाल्मलीने मागच्या काळ्या धुराकडे पाहिलं. "म्हणजे उरलेलं पेट्रोल अर्धवट जळतं. तोच हा धूर. मग पेट्रोलही कमी करायचं."

आजोबांनी डबीतून पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी, भोक पाडलेली खुंटी) काढला. त्याचं भोक जुन्यापेक्षा बारीक होतं. थंडीने त्यांची बोटं आखडली होती, म्हणून तो शाल्मलीनेच बसवला. मग आजोबांनी इंजिन सुरू केलं आणि त्याच्या आवाजाकडे कान देऊन एक स्क्रू हळूहळू फिरवला. धूर थांबला.

"आता पहिल्यासारखी पळेल?"

"नाही. हवाच कमी, तर ताकदही कमी. पण पोचेल."

गाडी सावकाश चढली. आई फाटकात उभी होती. शाल्मली तिला बिलगली आणि बराच वेळ तशीच राहिली. आजोबा गाडी बंद करायला वळले.

"राहू द्या ना थोडी चालू, बाबा," आई म्हणाली. तिने डोळे मिटले होते.

जरा वेळाने शाल्मलीने विचारलं, "आई, मंगळावर ही चालेल?"

"तिथल्या विरळ हवेत प्राणवायू जवळजवळ नाहीच."

"मग कितीही बारीक जेट लावला तरी उपयोग नाही," शाल्मली विचार करत म्हणाली. "आपल्याला प्राणवायूही सोबत न्यावा लागेल."