पिदोचा घास

दिवा असाच राहू द्या. मला अंधाराचं काही नाही, पण ऐकताना तुम्ही कुठे हसता आणि कुठे गप्प होता, ते मला बघायचं असतं.

त्या दिवशी सकाळी मी मीठ आणायला बाजारात गेले होते. सात किलो जाडं मीठ आणि दोन किलो आलं.

दुकानदार मांग दोरोने, म्हणजे दोरोकाकाने, माप हातातच धरून ठेवलं. "मायलीन, आज एकतीस ऑक्टोबर. सगळं गाव माझ्याकडून साखर नेतं आणि तू मीठ? मासे खारवायचेत का?"

"मेलेल्यांना जेवू घालायचंय."

"अरे देवा! म्हणजे आता त्यांचीही शुगर तपासणार तू?"

रांगेतल्या बायका खो-खो हसल्या. मीही हसले. चिडायचं कारणच नव्हतं, कारण मी जिंकले होते. आमच्या गावातल्या बेचाळीस घरांपैकी एकेचाळीस घरं त्या संध्याकाळी, पहिल्यांदाच, साखरेशिवाय आत्म्यांचं स्वागत करणार होती. आहारशास्त्राची पदवी घेऊन फिलिपिन्समधल्या बातांगासच्या या उसाच्या मुलखात परत आले, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, तिथे कोण ऐकणार तुझं? ऐकलं. एकेक दार ठोठावून, एकेका बोटाला सुई टोचून मी त्यांना ऐकायला लावलं.

का, ते सांगते.

दर वर्षी त्या संध्याकाळी आमच्याकडे आठ-दहा जण पांढऱ्या चादरी पांघरून गिटार घेऊन निघतात. दारोदार थांबायचं, आत्म्यांचं गाणं म्हणायचं. दार उघडून घरची बाई विचारते, "कोण आलंय?" मग म्होरक्या त्या घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव सांगतो. बाई सुमान आणते. केळीच्या पानात वळलेला चिकट भात, वरून नारळाच्या दुधात आटवलेला काळा पाक. त्यातला एक घास म्होरक्याने तिथेच, उंबऱ्यासमोर खायचा, उरलेलं मागच्यांनी वाटून घ्यायचं. मेलेल्यांना तोंड नसतं. त्या रात्रीपुरतं म्होरक्याचं तोंड त्यांचं. म्हणून चादर अंगावर असली की दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. चादरीआडून जे बोललं जातं ते आपलं नसतं.

एकतीस वर्षं तो म्होरक्या माझा बाप, आमचा ताताय, होता. बेचाळीस दारं, बेचाळीस घास.

त्याच्या आदल्या वर्षी त्या रात्रीनंतर तातायच्या डाव्या पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. लिपा शहरातला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अजून अशी एक रात्र काढली, तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून कापेन."

"ताताय, यंदा दुसरं कुणी जाऊ दे," मी म्हणाले.

"आणि मी?"

"तुम्ही घरी बसा."

"एकतीस वर्षं ते माझ्या तोंडाने जेवलेत. आता त्यांना काय सांगू? तोंड दुरुस्तीला दिलंय?"

माझा बाप हट्टी आहे. मी त्याचीच मुलगी. तोंड बदलता येत नसेल, तर त्यात जाणारा घास बदलायचा, असं मी ठरवलं. नारळाचं दूध, मीठ, आलं. बस. पहिलं पातेलं नानायने, माझ्या आईने, चढवलं. शेजारणींना चाखायला बोलावलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुणाला नवऱ्याचा पाय साखरेत घोळून हवाय, तिने खुशाल घोळवावा." त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

बेचाळिसावं घर आलिंग त्रिनिंगचं, म्हणजे त्रिनिंगमावशीचं. रस्त्याच्या टोकाला, पायऱ्या जवळजवळ उसात. ती म्हणाली, "पोरी, माझ्या नवऱ्याने, पिदोने, चाळीस वर्षं दुसऱ्यांचा ऊस तोडला. साखर गोण्यांत भरून बोटीने गेली. आमच्या घरात चिमूटभर आली नाही. जिवंतपणी त्याने गोड खाल्लं ते फक्त या रात्री, लोकांच्या दारात, चादर पांघरून. आणि मेल्यावर तू त्याला मीठ चाखवणार?"

"आलिंग, माझ्या बापाचा पाय जाईल."

"एका घासाने?"

"प्रत्येक घर हेच म्हणतं. एकच घास."

तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी आम्ही निघालो. त्या वर्षी मीही चादर पांघरून तातायच्या मागेच राहिले. वारा नव्हता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर वाढलेला ऊस गुमान उभा होता. तातायची काठी, कुया बेर्तिंगची, म्हणजे बेर्तिंगदादाची, गिटार, आणि दारोदार तोच वास, आल्याचा आणि उकडलेल्या केळीच्या पानांचा. गुळमट वास कुठेच नाही. तातायने पहिला घास खाल्ला आणि माझ्याकडे वळून पुटपुटला, "बरं लागतंय की ग." दहावं दार झालं, विसावं झालं, तिसावं झालं. म्हातारी माणसं दारात उभी राहून म्हणत होती, "यंदा आमच्याकडेही मिठाचंच हं." चादरीखाली माझे डोळे भरून आले होते. एका माणसाच्या पायासाठी अख्खं गाव बदललं होतं. पुस्तकात असं काही शिकवत नाहीत.

मग टोकाचं घर आलं.

खिडकीत तेलाचा दिवा होता. वास लांबूनच आला. आटवलेल्या नारळाचा, किंचित करपलेल्या साखरेचा. आम्ही गाणं म्हटलं. दार उघडलं.

"कोण आलंय?"

"पिदो आलाय," तातायने उत्तर दिलं.

"काय हवंय, पिदो?"

तिच्या हातात ताटली होती. चार सुमान, आणि वरून पाक इतका, की काठावरून ओघळत होता. तातायने हात पुढे केला. मला त्याच्या चपलेतून डोकावणारी पट्टी दिसली आणि माझा धीर सुटला. मी त्याच्या पुढे झाले.

"नको," मी म्हणाले. "मला गोड नको. मी खाणार नाही."

गिटार थांबली.

आलिंग त्रिनिंग माझ्याकडे पाहत राहिली. माझ्याकडे नव्हे, चादरीकडे. "नको म्हणालास?" ती हळूच म्हणाली. "माझ्या हातचं… नको म्हणालास, पिदो?"

"मायलीन…" ताताय म्हणाला. "काय केलंस हे… त्याच्या तोंडून नाही म्हणालीस तू…"

मला उत्तर द्यायचं होतं, हे सगळं खूळ आहे असं सांगायचं होतं. पण तेवढ्यात तो आवाज आला.

ऊस दातांनी सोलल्याचा आवाज. आम्ही त्या आवाजातच वाढलोय, त्यात चूक होणं शक्य नाही. कर्र… मग रस ओढल्याचा. मग चोथा थुंकल्याचा. शेतात, डावीकडे, आत कुठेतरी. पान हलत नव्हतं. मग दुसरा, उजवीकडून. मग घराच्या मागून. कर्र… कर्र… दहा तोंडं असतील, वीस असतील. हळूहळू जवळ येत होती.

आमची जुनी माणसं सांगतात, दिलं नाही तर आत्मे घेऊन जातात. म्हणून त्या रात्री न देणाऱ्याच्या घरची कोंबडी पळवायची थट्टा असते. पण इथे थट्टा करणारं कुणी नव्हतं. सगळे रस्त्यावर, एकमेकांचे हात धरून उभे होते.

आवाज उसाच्या काठाशी येऊन थांबले.

"दे, त्रिनिंग," ताताय म्हणाला. "मी खातो. सगळं खातो."

त्याची बोटं ताटलीला लागायच्या आत मी ती हिसकावून घेतली.

"ताताय, तुमचं तोंड त्यांना भाड्याने दिलेलं नाही."

"मग कुणाचं तोंड, पोरी? कुणाचं?"

"त्यांचं स्वतःचं."

आणि मी उसात शिरले. बारा पावलं, मोजून. पानं गालाला कापत होती. मग पुढे काहीतरी आहे असं वाटलं आणि थांबले. दिसत काहीच नव्हतं. करपलेल्या साखरेचा वास तेवढा होता, आणि तो ताटलीतून येत नव्हता. समोरून येत होता. श्वासासारखा, येऊन जाऊन.

मी खाली बसले. ताटली जमिनीवर ठेवली.

"मांग पिदो," मी म्हणाले, "चुकलं माझं. नाही मी म्हणाले, तुम्ही नाही. तुमचं गोड तुमच्या हक्काचं आहे. चाळीस वर्षांचं आहे. पण घास तुम्हीच उचला. माझ्या बापाचं तोंड आता मिळणार नाही. यंदा नाही आणि पुढेही कधी नाही."

मग माझ्या डोक्यावरची चादर कुणीतरी उचलली. ओढली नाही. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं, तशी अगदी अलगद.

मी मागे पाहिलं नाही. उठले आणि बारा पावलं चालत आले. पळाले नाही, हे मुद्दाम सांगते.

रस्त्यावर आल्यावर कुया बेर्तिंगने माझा दंड घट्ट धरला. "कुठे होतीस इतका वेळ?"

"इतका कुठे? दोन मिनिटं."

"दोन मिनिटं? आलिंग त्रिनिंगची अख्खी जपमाळ दोनदा झाली ग!"

तातायने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, दोनदा, आंधळा माणूस फिरवतो तसा. घरी नानाय दारातच उभी होती. दिवा वर करून तिने माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ तो खाली केला नाही.

सकाळी आम्ही ताटली आणायला गेलो. चारही सुमान जसेच्या तसे, पाकही तसाच. चादर मात्र कुठे सापडली नाही. आलिंग त्रिनिंगने वाकून एक बोट पाकाला लावलं आणि चाटलं. मग मला चाटवलं. कशाचीच चव नव्हती. भिजलेला कागद चावावा तसं. आमच्याकडे साखरेचा कण सांडला तरी मिनिटात मुंग्यांची रांग लागते. त्या ताटलीवर एकही मुंगी नव्हती.

"खाल्लं ग त्याने," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "स्वतःच्या हाताने खाल्लं."

याला तीन वर्षं झाली. आता आमच्या गावात म्होरक्या घास खात नाही. बेचाळीस ताटल्या उसाच्या काठाने मांडतात, ज्याला पाक घालायचाय तो घालतो, आणि सकाळी ते सगळं मातीत पुरतात. माणसं मिठाचं सुमान खातात. शेजारच्या दोन गावांनीही आमचं पाहून हेच सुरू केलं. तातायची जखम त्याच डिसेंबरात भरली. परवा तपासलं तर साखर एकशे अठरा. तो आठ बोटांवर ताठ उभा राहून गाणं म्हणतो आणि नवख्या माणसाला आधी हेच सांगतो, "हे माझ्या पोरीने केलं. भुतांशी भांडून केलं." मांग दोरोसुद्धा हल्ली ऑक्टोबरात मिठाची जादा गोणी मागवतो. मी केलेल्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आज तसाच प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन.

एवढंच की, मला त्या सकाळपासून गोड लागत नाही. आंबा नाही, केळं नाही, काहीच नाही. माझं काही अडत नाही त्याने. मी प्यायलेल्या कपाला मुंग्या लागत नाहीत. टेबलावर त्यांची रांग चाललेली असताना मी बोट टेकवलं, तर रांग वीतभर लांबून वळसा घेते. योगायोग असेल.

पण नानाय रोज रात्री जेवायच्या आधी एक ताटली मागच्या, उसाकडच्या खिडकीत ठेवते. भात, मासा आणि साखरेत घोळवलेलं एक केळं. इतके दिवस मला वाटायचं, मांजरासाठी असेल. गेल्या आठवड्यात मी विचारलं.

"नानाय, ही कुणासाठी?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. केळ्यावर अजून थोडी साखर भुरभुरली.

"माझ्या पोरीसाठी," ती म्हणाली. "उसात गेलीय. अजून आली नाही."

मी हसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली नाही. फक्त हात निघेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली.

सकाळी मी पहिल्यांदाच खिडकीपाशी जाऊन पाहिलं. ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती. आणि खिडकीपासून उसापर्यंत, ओल्या मातीवर, मुंग्यांची एक सरळ रांग लागली होती.