काचेच्या रस्त्यावर चोरी होत नाही

पूर्णिमा कोंढाळकर फौजदार म्हणून त्या चौकीत आली ती दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात. चौकी नदीपलीकडे, जिकडे पुणं तेव्हा रोज थोडं थोडं सरकत होतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथं ज्वारीची रानं आणि वीटभट्ट्या होत्या. आता बँका होत्या, विमा कंपन्या होत्या, शेअर दलालांची ऑफिसं होती आणि अमेरिकेतल्या बँकांची कामं पुण्यात बसून करणाऱ्या कंपन्या होत्या. सगळ्या इमारतींना वरून खालपर्यंत निळी काच. रिक्षावाले त्याला काचेचा रस्ता म्हणत आणि मीटरनं तिकडे यायला नाही म्हणत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत या इमारती रस्त्यावर रिकाम्या होत. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली पोरं-पोरी वडापाव, आम्लेट, कापलेली फळं यांच्या गाड्यांभोवती झुंबड करत. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात महागडा मोबाइल, पाठीवर लॅपटॉप आणि लक्ष भलतीकडेच. पोलिसाच्या नजरेनं पाहिलं तर हे चोराला दिलेलं आवतण होतं.

आणि तिथं चोरी होत नव्हती.

अलीकडच्या सिग्नलला आठवड्याला एखादं मंगळसूत्र जाई. पलीकडे पुलाखाली उभ्या गाड्यांच्या काचा फुटत आणि लॅपटॉप नाहीसे होत. मधल्या रस्त्यावर मात्र पाकीट नाही, मोबाइल नाही, साधी सायकलसुद्धा नाही. पूर्णिमानं ही गोष्ट हवालदार भीमरावांजवळ काढली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, चोरी होत नाही अशी तक्रार घेऊन अजून तरी कोणी आलेलं नाही. आलं की लिहून घेऊ."

वरचे साहेब खूश होते. हे सगळं गस्तीचं फळ, असं त्यांनी कंपन्यांच्या बैठकीत सांगितलं होतं आणि कंपनीवाले चौकीचा सत्कार करायच्या विचारात होते. पूर्णिमाला आपली गस्त ठाऊक होती. एक मोटरसायकल, आणि तीही ढकलल्याशिवाय सुरू न होणारी.

तिला स्वस्थ बसवेना. एका दुपारी साध्या कपड्यांत ती तिथं गेली. बँकेच्या बाहेरच्या बुटक्या कठड्यावर तिनं आपली पर्स ठेवली, मुद्दाम चेन उघडी ठेवून, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. माणसं येत होती, जात होती. दोघांतिघांनी पर्सकडे पाहिलं आणि ते पुढे गेले. मग टोपी घातलेला एक हडकुळा माणूस आला, बूट बांधायच्या निमित्तानं वाकला, आणि त्याचा हात पर्सकडे गेला.

तिथंच थांबला.

तो वाकलेलाच राहिला. बघणाऱ्याला वाटावं, कंबरेत उसण भरली असेल. मग मधून एक बस गेली. बस सरकली तेव्हा तो माणूस मनगट चोळत सिग्नलकडे चालला होता, भरभर, मागे न बघता. पूर्णिमा रस्ता ओलांडून आली. पर्स जागेवर होती. चेन मात्र कोणीतरी नीट लावून ठेवली होती.

गेनबाला ती पूर्वीच्या नेमणुकीपासून ओळखत होती. स्वारगेटच्या स्टँडवर पाकिटं मारण्यात त्याची हयात गेली होती. आता बोटं थरथरायला लागल्यामुळे तो तिथंच हातरुमाल विकत बसे. तिनं त्याला चहा सांगितला आणि काचेच्या रस्त्याचं नाव काढलं. गेनबानं कप खाली ठेवला.

"तिकडं आमच्यातलं कुणी जात न्हाई, बाई."

"का? एवढं पीक उभं असताना?"

"हात धरत्यात."

"कोण? वॉचमन?"

"बघितलं न्हाई. मागनं धरत्यात." तो स्वतःच्या उजव्या मनगटाकडे पाहत बोलू लागला. "म्या एकदाच गेलो. एका पोरीच्या पर्समदी दोन बोटं घातली, आन् मनगट धरलं कुणीतरी. म्हनलं, झालं, आता मार पडनार. पर मार न्हाई, वरडनं न्हाई. नुसतं धरून ठिवलं. जत्रंत लेकराचं धरत्यात, तसं. उबदार हात, बाई. अंगठा असा फिरवत हुता. म्या पर्स सोडली, तरी त्यानं मला सोडलं न्हाई. हापिसं सुटंपतुर उभा हुतो मी त्या गर्दीत."

"मागं वळून पाहिलं नाही?"

गेनबानं खालचा कप उचलून उरलेला चहा संपवला. स्टँडवर कंडक्टर ओरडत होते.

"वळलो आस्तो तर त्येच्यासंगं जावं लागलं आस्तं. आन् खरं सांगू का? जावंसं वाटत हुतं. त्येचंच भ्या वाटलं."

त्या वेळी पूर्णिमाला हसू आलं. म्हातारा, दारूची सवय, काहीही बोलतो. पण परतीच्या वाटेवर बसमध्ये ती आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरून बसली होती, हे उतरताना तिच्या ध्यानात आलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुक्ताबाई चौकीत आली. धायरीची बाई, कर्वेनगरला विद्यार्थ्यांच्या खानावळीत पोळ्या लाटायची. तिचा मुलगा समर्थ काचेच्या रस्त्यावरच्या एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. मंदी आली तशी कंपनीनं गाड्या कमी केल्या आणि त्याला घरी बसवलं. आता तो घरीही नव्हता. त्याची मोटरसायकल तेवढी काचेच्या रस्त्याच्या कडेला सापडली होती, किल्लीसकट. तीसुद्धा कोणी नेली नव्हती.

मुक्ताबाई रडली नाही. बाकावर ताठ बसून बोलली.

"त्यो चोऱ्या करायला लागला हुता. घरात नवं नवं मोबाइल दिसायचं. म्या इचारलं न्हाई, ती माजी चूक. धरला आसंल तर सांगा. मारला आसंल, तरी सांगा."

"धरलेला नाही, मावशी. खरंच नाही."

"मग कुटं गेला?"

पूर्णिमानं मोटरसायकल सापडल्याची जागा लिहून घेतली. ती बँकेत गेली. दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण सुरक्षा अधिकाऱ्यानं काढून दिलं. भर दुपारची गर्दी. समर्थ सापडला, चेक्सचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. कठड्यावर बसलेल्या एका मुलीच्या शेजारी तो रेलून उभा राहिला. त्याची बोटं तिच्या मोबाइलवर आली. मोबाइल उचलला गेला आणि तिथंच त्याच्या हातातून गळून पडला. मुलीनं तो उचलला, पुसला, पुन्हा खायला लागली. तिला काही कळलंच नाही.

समर्थचा उजवा हात हळूहळू मागे गेला, आणि थोडा वर.

तो तसाच उभा राहिला. मग वळला.

त्याचा चेहरा पूर्णिमानं पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात भीती नव्हती. चुकलेल्या पोराला आपलं माणूस दिसावं, तसा तो चेहरा सैल झाला होता. नंतर तो चालू लागला, उजवा हात तसाच वर धरून, इमारतीच्या सावलीच्या दिशेनं, चित्राबाहेर. त्याच कोपऱ्यावर शेजारच्या कंपनीचा कॅमेरा होता. त्यात गर्दी होती, पेरूवाल्याची गाडी होती. समर्थ नव्हता. पण त्या वेळी तिथून जाणारी माणसं, कोणीही मान वर न करता, एकामागून एक बाजूला होत होती. कुणाला तरी वाट देत होती.

हे आईला दाखवावं की नाही, यावर तिनं रात्रभर विचार केला. सकाळी मुक्ताबाई पुन्हा बाकावर होती. पूर्णिमा तिला घेऊन बँकेत गेली.

मुक्ताबाईनं पडद्याला नाक लावून पाहिलं. "हासतोय," ती म्हणाली. "बाप गेल्यापासनं आसा हासला न्हवता." मग जरा थांबून, "कुनाचा हात धरलाय ह्येनं?"

"दिसत नाही, मावशी."

"मलाबी न्हाई दिसत," मुक्ताबाई म्हणाली. पण ती पडद्यावर जिथं पाहत होती ती जागा समर्थच्या डोक्याच्या बरीच वर होती.

साहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता. भीमरावांना सांगितलं असतं तर त्यांनी, आरोपीचं वर्णन काय लिहू, असं विचारलं असतं. पूर्णिमापुढे एकच गोष्ट उरली होती. दुपारी मुक्ताबाईला तिनं बँकेसमोरच्या टपरीवर बसवलं. "मावशी, तुम्ही फक्त माझ्याकडे बघत राहा. मी कोणाबरोबर जायला लागले तर मला अडवा."

मग ती गर्दीत शिरली.

आयुष्यात तिनं कधी कुणाचं काही उचललं नव्हतं. समोर एक तरुण हसत हसत फोनवर बोलत होता. पाठीवरच्या सॅकच्या कप्प्यात पाकीट दिसत होतं. आसपास तळलेल्या मिरचीचा वास, गाड्यांचे हॉर्न, कुठंतरी इंग्रजीतून चाललेलं भांडण. तिची बोटं पाकिटाला लागली. कातडं उन्हानं तापलेलं होतं.

तिचं मनगट कोणीतरी धरलं.

घट्ट नाही. पण सुटणार नाही, असं.

हात उबदार होता. त्याचा अंगठा तिच्या नाडीवरून हळूहळू फिरत होता. भोवतालचा आवाज कमी झाला, दार लोटून घ्यावं तसा.

"मी पोलीस आहे," ती हळूच म्हणाली.

अंगठा फिरतच राहिला.

"समर्थ कुठं आहे?"

अंगठा थांबला. मग हाताला अगदी हलका हिसका बसला. मागे, आणि वर. चल.

ती दमलेली होती. इतकी वर्षं दमलेली होती आणि हे तिला आत्ता कळत होतं. बदल्या, साहेबांची बोलणी, एकटीचा डबा. कुणीतरी हात धरला होता. वाट त्याला माहीत होती. आपण फक्त चालायचं.

तिची टाच उचलली गेली. मान वळायला लागली.

"बाई!"

मुक्ताबाईनं तिचा डावा हात दोन्ही हातांनी पकडला होता आणि सगळा जोर लावून ती ओढत होती. क्षणभर पूर्णिमा दोघांच्या मध्ये ताणली गेली. मग मनगटावरची बोटं सुटली. एकदम नाही. एकेक करून, नाइलाजानं.

हॉर्न पुन्हा ऐकू यायला लागले. सॅकवाला तरुण अजून फोनवर हसत होता.

टपरीवर येऊन पूर्णिमा बाकावर बसली. मुक्ताबाईनं तिला पाणी पाजलं, पदरानं तिचा घाम पुसला.

"काय म्हनला?"

"काही नाही. चल म्हणाला. म्हणजे... तसं वाटलं."

"दुकलं का?"

"नाही." आणि खरं ते तिच्या तोंडून निघून गेलं. "बरं वाटलं, मावशी."

मुक्ताबाई समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. काचांवर दुपारचं ऊन पेटलं होतं.

"चोरी केल्याबगर धरत न्हाई व्हय?"

पूर्णिमाचं मन अजून मनगटातच होतं. तिनं नकळत मानेनंच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई चौकीत आली नाही. पूर्णिमाला वाटलं, बाईनं धसका घेतला असेल, कामावर गेली असेल. दुपार कलल्यावर मात्र ती खुर्चीतून ताडकन उठली आणि पळतच काचेच्या रस्त्यावर गेली. पेरूवाल्याला खुणा सांगितल्या.

"आली होती ना," तो म्हणाला. "माझ्यादेखत एक पेरू उचलला. पैसे दिले नाहीत, खाल्ला नाही, पळालीपण नाही. नुसती उभी राहिली. मी म्हटलं, आजी, अहो, पैसे? आणि मग..." तो अडखळला, त्यानं कपाळ चोळलं. "मग गिऱ्हाईक आलं असेल. माझ्या ध्यानातून गेलं."

बँकेतल्या त्या छोट्या खोलीत सुरक्षा अधिकाऱ्यानं काही न विचारता चित्रीकरण लावून दिलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

गर्दी. पेरूवाल्याची गाडी, त्या दिवशी बँकेच्या दाराजवळच. मुक्ताबाई, इस्त्रीचं हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून. कुठं लग्नाला निघाल्यासारखी. तिनं पेरू उचलला आणि वाट पाहत उभी राहिली. फार वेळ लागला नाही. तिचा उजवा हात वर गेला, समर्थच्यापेक्षा बराच वर, कारण ती ठेंगणी होती. ती वळली. तिनं पाहिलं. पेरू खाली पडला आणि घरंगळत गेला.

ती चालू लागली. जिथं इमारतीची सावली सुरू होते तिथं थांबली आणि तिनं डावा हातही पुढे केला. तो कुणीतरी घेतला. घेतला हे कळत होतं, कारण तिची बोटं मिटली आणि खांदे खाली आले.

पुढचा भाग काही क्षणांचाच होता. मुक्ताबाई दोन्ही हात धरून चालली होती आणि बोलत होती, खूप दिवसांचं साठलेलं बोलावं तसं. डावीकडे बोलताना ती मान जराशी वर करी, वयात आलेल्या मुलाशी बोलताना आई करते तेवढीच. मग ती उजवीकडे वळली. तिकडे काही सांगायला तिला मान पार मागे टाकावी लागत होती, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या काचांकडे पाहावं तशी. आणि तिथून जे काही सांगितलं जात होतं, ते ऐकून ती हो हो करत मान डोलावत होती.